अमेरिकन लष्करातून नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट (सीआरएनए) : या वाटेने कुणी गेलंय का?

रानजाई

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुण्यात बीएस्सी नर्सिंग केलं, लग्नानंतर ह्यूस्टनला आले. नवरा अमेरिकन नागरिक असल्यामुळे ग्रीन कार्ड लवकर मिळालं आणि २०२० मध्ये नागरिकत्वही. गेली पाच वर्षं सर्जिकल आयसीयूत आहे. मुलगा सहा वर्षांचा.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेचा पेशंट, पहाटे दोनला आतून रक्तस्राव सुरू झाला. वरचं प्रेशर सत्तरच्या खाली. त्याला पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यायचं होतं. नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणाऱ्या नर्स, धावत आल्या, पन्नाशीच्या असतील. मॉनिटर बघितला, पेशंटच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "प्रोपोफॉल नको, केटामाइन काढ. रक्त आधी लाव, मग ट्यूब." ही दोन्ही भुलीची औषधं. आवाज जराही चढला नाही. पेशंट वाचला. नंतर कळलं, त्या वीस वर्षं लष्करात होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे दुसरं कुणी बोलावायलाच नसतं."

तेव्हापासून मला तेच काम करायचं आहे. बाहेरच्या विद्यापीठांची फी बघितली. लाखभर डॉलरच्या वर जाते, आणि ती तीन वर्षं नोकरी जवळजवळ अशक्य. आमच्या घराचा हप्ता माझ्या पगारावर आहे. म्हणून लष्कराचा विचार चालू आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कुणी सांगाल का? नवरा हो म्हणतोय, पण त्याच्या डोळ्यांत काळजी दिसते. गावाकडे अजून बोललेले नाही.

---

अटकेपार

रानजाई, धागा काढलात हे फार बरं झालं. आम्ही न्यू जर्सीत. धाकटी लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याही डोक्यात हेच आहे. बायको दोन दिवस जेवली नाही. "पोरीला लढाईवर पाठवता का?" एवढंच म्हणते. जाणकारांनी लिहावं, मी तिला वाचून दाखवणार आहे.

---

उत्तररात्र

मी याच वाटेने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जन्म ठाण्याचा, वाढले कॅलिफोर्नियात. आयसीयूत तीन वर्षं काढून थेट आर्मीच्या भूल-शिक्षणक्रमात गेले. यूएसएजीपॅन असं त्याचं नाव. वर्ग सॅन अँटोनियोला फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये भरतात, पदवी बेलर विद्यापीठाची मिळते. एकूण ३६ महिने. पहिला टप्पा वर्गातला: औषधशास्त्र, शरीरक्रिया, यंत्रांचं भौतिकशास्त्र. नंतर एखाद्या लष्करी रुग्णालयात प्रत्यक्ष काम. टॅकोमाचं मॅडिगन, फोर्ट ब्रॅगचं वोमॅक, होनोलुलूचं ट्रिपलर, एल पासोचं विल्यम ब्यूमाँट अशी ठिकाणं. कुठे पाठवायचं ते तेच ठरवतात.

२०२२ पासून अमेरिकेत भूल-नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच करावी लागते, लष्करात काय आणि बाहेर काय. किमान ६०० केसेस आणि २००० तास प्रत्यक्ष काम भरल्याशिवाय राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही. हा आकडा किमान आहे, आमच्या तुकडीतल्या बहुतेकांचा याहून बराच जास्त झाला.

पैशाचं उत्तर: फी शून्य. तुम्ही कमिशन्ड अधिकारी असता, त्यामुळे शिकत असताना पूर्ण पगार, घरभाडं आणि कुटुंबाचं आरोग्य संरक्षण मिळतं. बदल्यात पदवीनंतर काही वर्षं सक्रिय सेवा द्यावी लागते. ती किती वर्षं हे सही करायच्या दिवशी करारात जे छापलं असेल तेच खरं धरा. एजंट काय म्हणाला, मैत्रिणीला किती वर्षं लागली, यावर जाऊ नका. आणि अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडावं लागलं तरी बंधन सुटत नाही. नर्स म्हणून ती वर्षं भरावी लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असं झालं. हुशार होती. पण पहिल्या टप्प्यातच तिचे वडील गेले आणि ती सावरली नाही. हे सांगायला कुणाला आवडत नाही, म्हणून मी सांगते.

नौदल आणि हवाई दलाचा रस्ता मुख्यतः बेथेस्डाच्या लष्करी आरोग्यविद्यापीठातून जातो. तिथली नर्सिंगची शाळा १९९३ ची, सिनेटर डॅनियल इनोये यांच्या नावाची.

ज्यांना लष्कराच्या शाळेत जायचं नाही त्यांच्यासाठी एचपीएसपी शिष्यवृत्ती असते. बाहेरच्या विद्यापीठाची फी लष्कर भरतं, दरमहा वेतनही मिळतं, आणि सेवा नंतर. राखीव दलात राहून शिकायचं असेल तर स्ट्रॅप नावाची योजना आहे. त्यात दरमहा पैसे मिळतात, पण जितकी वर्षं घ्याल त्याच्या दुप्पट वर्षं राखीव दलात द्यावी लागतात.

रानजाई, एक कळकळीची विनंती. मॉलमध्ये बसलेल्या भरती अधिकाऱ्याकडे जाऊ नका. तो शिपाई भरतो. वैद्यकीय विभागाचे भरती अधिकारी वेगळे असतात, त्यांनाच गाठा.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीकडचा भूलतज्ज्ञ, व्यवसायात २६ वर्षं. कुणाचा अवमान करायचा नाही, पण मनातलं लिहितो. भूल देणं म्हणजे पेशंटचा श्वास आपल्या हातात घेणं. आमच्याकडे एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी किंवा दोन वर्षं डिप्लोमा केल्यावर माणूस स्वतंत्रपणे उभा राहतो. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने एकट्याने हे करावं हे मला अजून पचत नाही. तिथे काही विपरीत घडलं तर जबाबदार कोण?

---

उत्तररात्र

डॉक्टर, प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे आणि हा वाद शंभर वर्षं चालू आहे.

पण नर्सकडे हे काम आलं कसं, ते बघा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेच्या वेळी इथर द्यायचं काम जो मोकळा असेल त्याच्याकडे जायचं, बहुतेकदा शिकाऊ डॉक्टरकडे. त्याचं लक्ष सर्जनच्या हाताकडे, कारण त्याला सर्जन व्हायचं असे. पेशंट इकडे निळा पडला तरी कळायचं नाही. म्हणून सर्जनांनीच अशी माणसं शोधली, ज्यांची नजर पेशंटच्या चेहऱ्यावरून हलणार नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला सर्जन मेयो बंधूंकडे अ‍ॅलिस मगॉ नावाच्या नर्स होत्या. त्यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांवर भुलींचा अहवाल छापला, भुलीमुळे एकही मृत्यू नाही. उघड्या मास्कवर थेंब थेंब इथर, आणि पेशंटशी सतत बोलत राहणं, ही त्यांची पद्धत. पहिल्या महायुद्धात क्रीव्हलंडचे सर्जन जॉर्ज क्राइल फ्रान्सला गेले तेव्हा अगाथा हॉजिन्सना सोबत घेऊन गेले. त्याच हॉजिन्सनी १९३१ मध्ये नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टांची संघटना उभी केली. म्हणजे हा पेशा आणि युद्ध एकमेकांना धरूनच वाढले.

जबाबदारीचं उत्तर: भूल मी दिली तर जबाबदार मी. सहीसुद्धा माझी. बाहेर काही राज्यांत डॉक्टरांची देखरेख लागते, काहींत नाही. २००१ मध्ये मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमात बदल झाला आणि राज्याच्या गव्हर्नरला ती अट काढता येऊ लागली, आयोवाने सर्वांत आधी काढली. लष्करात मात्र आघाडीवर आम्ही स्वतंत्रपणेच काम करतो.

(वर क्लीव्हलंडचं क्रीव्हलंड झालंय, माफ करा. फोनवरून लिहिते आहे.)

---

रानजाई

ताई, आघाडीवर म्हणजे नेमकं कसं? यावर जमेल तेवढं लिहाल का? मला तेच समजून घ्यायचं आहे.

---

उत्तररात्र

लिहिते.

फॉरवर्ड सर्जिकल टीम नावाची तुकडी असते. मूळ रचनेत २० माणसं: तीन जनरल सर्जन, एक हाडांचे, दोन नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, बाकी नर्स, तंत्रज्ञ आणि मेडिक. दोन टेबलं. ७२ तासांत तीस शस्त्रक्रिया होतील एवढं सामान बरोबर. आता रचना आणि नाव बदललंय, पण गाभा तोच.

मी अफगाणिस्तानात होते. आमची ओटी म्हणजे तंबू. भुलीचं मोठं यंत्र तिथे नसतं, कारण दाबाखालचे वायूचे सिलिंडर तिथे आणायचे कसे? त्याऐवजी ड्रॉ-ओव्हर व्हेपोरायझर वापरतात. पेशंटच्या श्वासाने किंवा पिशवीच्या दाबाने साधी हवाच औषधावरून ओढली जाते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन गोळा करणाऱ्या यंत्रातून. नाहीतर सगळी भूल शिरेतूनच द्यायची. केटामाइन आमच्या कायम हाताशी. रक्त गेलेल्या माणसाचं प्रेशर ते सहसा पाडत नाही. तुमच्या त्या पन्नाशीच्या बाईंनी ते उगाच मागितलं नव्हतं.

रक्तपेढी म्हणजे तळावरची जिवंत माणसं. रक्तगट आणि तपासण्या आधीच करून ठेवलेले सैनिक. साठा संपत आला की ध्वनिक्षेपकावरून हाक जाते आणि दहा मिनिटांत बाहेर रांग लागते. ते ताजं, कोमट रक्त मी हातात घेतलं आहे. देणारा पोरगा तंबूबाहेर उभा राहून विचारायचा, "तो जगला का?" एकदा मला नाही म्हणावं लागलं. तो मुलगा बराच वेळ तिथेच बसून राहिला. मी त्याला पाणी दिलं. बोलायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

दोघींपैकी एक झोपलेली असेल आणि दोन जखमी एकदम आले तर दुसऱ्या टेबलावर तुम्ही एकट्या. फोन करून विचारायला वरिष्ठ नाही. त्या क्षणी शिकलेलं तेवढंच तुमचं. मी आठ वर्षांनी बाहेर पडले. आज बाहेर पगार लष्कराहून पुष्कळ जास्त आहे, २ लाख डॉलरच्या वर. पण सकाळी ओटीत पाऊल टाकताना जी स्थिरता असते ती मी तिथून आणली आहे.

किंमतही सांगते. मुलीचं बालवाडीचं वर्ष मी व्हिडिओवर बघितलं. परत आल्यावर ती तीन दिवस माझ्याजवळ आली नाही.

---

कृष्णाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, पण प्रश्नाची जागा बदलली.

आपल्याकडेही हीच अडचण वेगळ्या वाटेने आली होती. ग्रामीण रुग्णालयात सिझेरियनला सर्जन हजर, भूलतज्ज्ञ नाही, म्हणून बाई जिल्ह्याला हलवायची, आणि कधीकधी ती वाटेतच जायची. त्यावर सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूल प्रशिक्षण सुरू केलं. अशा चार डॉक्टरांना मी स्वतः शिकवलं. त्यातला एक डोंगरी तालुक्यात होता, त्याने पहिली स्पायनल (मणक्यातली भूल) स्वतःच्या हाताने दिली तेव्हा रात्री अकराला मला फोन केला. आनंदाने आवाज कापत होता.

रानजाई, एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. ही पदवी घेऊन पुढेमागे भारतात परतलात तर इथे स्वतंत्रपणे भूल देता येणार नाही. ते इथे डॉक्टरचंच काम आहे. परतायचा विचार असेल तर आत्ताच नीट तोलून बघा.

---

विदर्भकन्या

मी नागपूरला आयसीयूत आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), चार वर्षं झाली. इथून थेट अमेरिकन आर्मीत नर्स म्हणून जाता येईल का? एका एजंटने साडेतीन लाख मागितले आहेत. तो म्हणतो, "सगळं करून देतो."

---

उत्तररात्र

ताई, एक रुपया देऊ नका. सक्रिय सेवेत अधिकारी म्हणून कमिशन मिळायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्याला एजंट काही करू शकत नाही. पूर्वी मावनी नावाची योजना होती. तिच्यातून व्हिसावर असलेले डॉक्टर-नर्ससुद्धा लष्करात गेले, पण २०१६ पासून तिथे नवे अर्ज घेणं बंद आहे. ग्रीन कार्ड असेल तर शिपाई म्हणून, उदाहरणार्थ मेडिक म्हणून भरती होता येतं, सेवेतून नागरिकत्व मिळवता येतं आणि मग अधिकारी होण्याचा अर्ज. लांबचा पण खरा रस्ता. ग्रीन कार्डसाठी एनसीएलेक्स ही अमेरिकेची नर्सिंग परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन रुग्णालयामार्फत ईबी-३ या नोकरीवर आधारलेल्या वर्गात अर्ज करतात, आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग अनेक वर्षांची आहे. हे ज्याने सांगितलं नाही तो एजंट तुमचा नाही.

---

पुणेरी_मेट्रन

विदर्भकन्या, बाळ, लष्करात नर्स व्हायचं तर ते आपल्याकडेही आहे. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले. १८८८ मध्ये दहा परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या, तिथून आमची परंपरा सुरू होते. बारावीनंतर पुण्याचं एएफएमसी (लष्करी वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय अशा सहा ठिकाणी चार वर्षांचं बीएस्सी होतं, आणि मुलगी लेफ्टनंट होऊन बाहेर पडते. तुझं जीएनएम आहे, म्हणून आधी पोस्ट बेसिक बीएस्सी कर, मग शॉर्ट सर्व्हिस कमिशनची जाहिरात बघत राहा. ही सेवा फक्त स्त्रियांसाठी आहे. इथे भूल लष्करी डॉक्टर देतात, आपण नाही. पण क्रिटिकल केअरचं उत्तम शिक्षण मिळतं आणि त्यासाठी कुणाला साडेतीन लाख द्यावे लागत नाहीत.

रानजाई, तुझ्या वडिलांशी आधी बोल. फौजी बाप मुलीच्या वर्दीला नाही म्हणेल असं मला वाटत नाही, पण वर्दी दुसऱ्या देशाची आहे. त्यांना ते तुझ्याच तोंडून कळू दे.

---

अटकेपार

उत्तररात्र ताई, बायकोने सगळं ऐकलं. बालवाडीचा भाग आला तेव्हा म्हणाली, "पुन्हा वाच." लेकीने विद्यार्थी असतानाच काय करावं?

---

उत्तररात्र

काका, तिच्या कॉलेजात किंवा जवळच्या विद्यापीठात आरओटीसी, म्हणजे शिकता शिकता लष्करी अधिकारी घडवणारा प्रशिक्षणक्रम, असेल तर शिष्यवृत्तीबद्दल विचारा. पदवीबरोबरच कमिशन मिळतं. पुढे लष्करी रुग्णालयात नर्स, मग लष्कराचा क्रिटिकल केअरचा कोर्स, आणि त्यानंतर भुलीचा अर्ज. किमान एक वर्ष आयसीयूचा अनुभव सगळीकडेच लागतो, पण एका वर्षावर अर्ज करू नये. दोन-तीन वर्षं होऊ द्या. व्हेंटिलेटर, प्रेशरची औषधं, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) हातात बसली पाहिजे. आणि तिला एखाद्या सीआरएनएच्या मागे ओटीत दोन दिवस उभं राहायला सांगा. काहींना तिथेच कळतं की हे आपलं नाही. त्यात वाईट काही नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा.

---

रानजाई

अजून एक प्रश्न, आणि हाच मला सगळ्यात टोचतो आहे. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड. मी अजून काढलेलं नाही, दरवेळी पुढे ढकललं. लष्करात गेलं की मिळत नाही असं ऐकलं, खरं का?

---

उत्तररात्र

खरं आहे. परदेशी लष्करात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय देत नाहीत, हे त्यांच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. मी दरवेळी व्हिसा काढून येते. सेवेत असताना परदेश प्रवासाची परवानगीही आधी घ्यावी लागते. घरी कुणी आजारी पडलं तर रात्रीत विमान धरणं सोपं नसतं. आई गेली तेव्हा मी तेराव्याला पोचले.

सुरक्षा तपासणीचा अर्जही लांबलचक असतो. भारतातले नातेवाईक, जमीन, बँक खाती, सगळं लिहायचं. काही लपवू नका. शेतात वाटा असेल तर तो लिहा. असणं अडचणीचं नसतं, लपवणं असतं.

---

रानजाई

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

वडिलांशी बोलले. त्यांनी आधी बराच वेळ काहीच म्हटलं नाही. मग विचारलं, "शपथ कशाची घ्यायची असते?" मी सांगितलं, तिथल्या राज्यघटनेची. ते म्हणाले, "नागरिक झालीस तेव्हाच घेतलीस की. मग आता अर्धवट घेऊ नकोस." आई मागून म्हणाली, "वर्षातून एकदा तरी येशील ना?" मी हो म्हटलं. ते मला पाळायचं आहे.

ओसीआयचं दुःख आहेच, ते राहील. नवऱ्याबरोबर वहीत दोन्ही बाजू लिहून काढल्या. राखीव दलाचा पर्याय सोडला, कारण त्यात फीचं ओझं माझ्यावरच राहत होतं. वैद्यकीय भरती अधिकाऱ्याला दोनदा भेटले. सेवेच्या वर्षांचा आकडा लेखी मागितला आणि तो मिळाला. लष्कराच्या शारीरिक चाचणीसाठी रोज पहाटे धावते, दोन मैल आता न थांबता होतात. डेडलिफ्ट जमते, प्लँक अजून कच्चा आहे. सीसीआरएन ही क्रिटिकल केअर नर्सिंगची परीक्षा पुढच्या महिन्यात.

ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्या बाईंनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं. आता फक्त 'मला हे का करायचं आहे' हा निबंध अडलाय. चार वेळा लिहून फाडला.

---

उत्तररात्र

पाचव्यांदा लिही आणि फाडू नकोस. त्या रात्रीचं लिही, कपाळावरच्या हातासकट. झाल्यावर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, रविवारी वाचून देते.